म्हाताऱ्यांना हरकत नाही, छपराला आहे

आमच्या इंग्लंडमधल्या छोट्या गावात साठेक खोल्यांचं केअर होम, म्हणजे वृद्धांची राहण्याची आणि देखभालीची जागा, बांधायला कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेने, अखेर परवानगी दिली. जागा भर गावातली. एक व्हिक्टोरियन बंगला, मागे प्रशस्त बाग, बागेत बीच जातीचं एक जुनं झाड. हा सगळा भाग कॉन्झर्व्हेशन एरियात येतो, म्हणजे घरांचं आणि रस्त्यांचं जुनं रूप जपायचं म्हणून कायद्याने आखलेलं क्षेत्र. त्यामुळे अर्ज आल्याबरोबर हरकतींचा पाऊस पडला. ही पत्रं इथे कुणालाही वाचता येतात. मी बरीच वाचली, आणि त्यांत वृद्धांच्या विरोधात एक शब्द नव्हता. विरोध छपराच्या उंचीला, विटांच्या रंगाला, अरुंद गल्लीत येणाऱ्या गाड्यांना. सुरुवात मात्र बहुतेकांची सारखी: केअर होमची गरज आम्हाला मान्य आहे, पण ही जागा त्यासाठी योग्य नाही.

पुण्याच्या मावशीला हे फोनवर सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "अरे, पण त्या म्हाताऱ्यांची पोरं कुठे गेली?"

टोला मलाही होता, तो मी मुकाट्याने घेतला. पण आपल्याकडची या विषयावरची चर्चा याच प्रश्नाशी सुरू होते आणि इथेच संपते. मुलगा परदेशात, सून नोकरीला, आईबापांना वृद्धाश्रमात 'टाकलं'. मग संस्कार काढायचे, पाश्चात्त्यांना नावं ठेवायची आणि विषय मिटवायचा. तो वृद्धाश्रम कुठे आहे, तिथे रात्री किती माणसं कामावर असतात, आग लागली तर चालता न येणाऱ्यांना खाली कसं आणणार, हे विचारायची वेळच येत नाही.

इथे उलट आहे. कुणाच्या मुलांबद्दल कोणी बोलत नाही, बोलतात ते झाडाबद्दल. ही पद्धत तशी फार जुनी नाही. १९६७च्या कायद्याने असली क्षेत्रं ठरवायला सुरुवात झाली, पहिलं क्षेत्र लिंकनशायरमधलं स्टॅमफर्ड. आज इंग्लंडमध्ये ती दहा हजारांच्या आसपास आहेत. अशा भागात स्वतःच्या परसातलं झाड तोडायचं, तरी त्याचा बुंधा ठरावीक जाडीच्या वर असेल तर कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. मग नवी इमारत म्हटल्यावर लोक खवळणारच. पण क्षेत्र जपायचं म्हणजे तिथे काही बांधायचंच नाही, असा अर्थ होत नाही. लेक डिस्ट्रिक्टजवळच्या कार्टमेल गावात पाद्र्यासाठी नवं घर बांधण्यावरून झालेला वाद थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता. १९९२ साली तिथे निकाल लागला: नव्या बांधकामाने परिसराची शोभा वाढलीच पाहिजे असं नाही, त्याच्या रूपाला बाधा येत नसेल तर पुरे. आमच्या केअर होमच्या वास्तुरचनाकारालाही हाच आधार होता.

काय बोललेलं चालत नाही, हेही पक्कं ठरलेलं आहे. माझ्या खिडकीतला देखावा जाईल, माझ्या घराची किंमत पडेल, ही कारणं विचारात घेतली जात नाहीत. गंमत म्हणजे खरी भीती नेमकी तीच असते. इंग्लंडमध्ये ज्याच्याकडे २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता आहे त्याला केअर होमचा खर्च स्वतः करावा लागतो. ही मर्यादा २०१०पासून तिथेच आहे. जोडीदार घरात राहत नसेल तर सहसा राहतं घरही त्या मालमत्तेत मोजतात, आणि होमचं शुल्क आठवड्याला हजार पौंडांच्या पुढे सहज जातं. म्हणजे शेजारच्या केअर होममुळे ज्या घराचा भाव पडेल म्हणून सत्तरीतले आजोबा झोपत नाहीत, तेच घर पुढे विकून त्यांना तशाच एखाद्या होमचं बिल भरायचं आहे. हे काही पत्रात लिहिता येत नाही. म्हणून विटांचा रंग.

ढोंग आहे का? आहेच. तरी मला ही रीत आपल्या रीतीपेक्षा बरी वाटते. ढोंगाला कागदावर कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ते तपासता येतं. छप्पर उंच आहे? उतरवा. बीचच्या मुळांना धोका आहे? इमारत मागे घ्या. आमच्याकडे दोन्ही झालं. बैठकीत हरकतदारांना बोलायला तीन मिनिटं मिळाली, तेव्हा त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. 'संस्कार गेले' या तक्रारीवर असा कुठला नकाशा बदलून देणार?

मुंबईत वारशाचा वाद इथल्याच्या नेमका उलट झाला होता. २०१२ साली शिवाजी पार्क परिसर वारसा यादीत घालायचं ठरत होतं, तेव्हा रहिवासीच विरोधात उतरले. यादीत गेलो तर पुनर्विकास अडकेल, ही धास्ती. मी त्यांना हसणार नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून राहणाऱ्या आजींना वारशाचं कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचं? पण पुनर्विकासात लिफ्ट आली, पार्किंग आलं, व्यायामशाळा आली. ज्यांना रात्रंदिवस माणूस लागतो, त्यांच्यासाठी त्या इमारतीत दोन खोल्या मागाव्यात असं किती सोसायट्यांना सुचतं? पुण्याच्या पेठांतले वाडे पडून जिथे इमारती आल्या, तिथेही हाच हिशेब.

वृद्धाश्रमाच्या जाहिराती बघा. 'निसर्गरम्य परिसर, डोंगराच्या पायथ्याशी.' म्हणजे जिथे रिक्षावाला परतीचं भाडं मागतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात सरकारी वृद्धाश्रमांबद्दल कलम आहे: जिल्ह्याला निदान एक, किमान दीडशे निराधारांसाठी, आणि तोही सहज पोचता येईल अशा जागी. जागेबद्दलचे ते चार शब्द मला कलमातले सर्वांत शहाणे वाटतात. म्हातारपणी माणसाला डोंगर नको असतो. ओळखीचा वाणी, ओळखीचं देऊळ, जाता जाता डोकावणारी मैत्रीण हवी असते. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या बाईंना शेवटी सदाशिव पेठेतच खोली मिळावी, यासाठी महापालिकेत भांडायला हवं. त्यात पोरांचा उद्धार करायची गरज नाही.

आमच्या गावात आता पुढचा प्रश्न आहे आणि तो कोणत्याच पत्रात नव्हता. मंजुरीच्या कागदांत कर्मचाऱ्यांच्या गाड्या किती, सायकली कुठे, सगळं मोजलंय. पण देशभरातल्या केअर होममध्ये भारत, नायजेरिया, झिंबाब्वे इथून आलेली माणसं मोठ्या संख्येने राबतात, आणि २२ जुलै २०२५पासून परदेशातून नवे केअर वर्कर आणणं सरकारने बंद केलंय. त्या साठ खोल्यांतल्या माणसांना सकाळी उठवायला कोण येणार, हे प्लॅनिंग कमिटीच्या कक्षेत येत नाही.