लहानपणी उलटून टाकलेली पानं

हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे. या आठवड्यात आमच्याकडे विजेची लाइन रात्रीची, बारानंतर. मोटर कधी बंद पडेल याचा नेम नाही, म्हणून धुऱ्यावर बसून राहावं लागतं. परवा सोबत 'श्यामची आई' नेलं. चौथीत मिळालेली प्रत. कव्हर कधीचंच गेलं, घासलेटचा डाग मात्र तसाच.

तेव्हा आईनं मारून पोहायला धाडलेला श्याम आवडला होता. पत्रावळीची गोष्टही. पळसाच्या पत्रावळी आम्हीही लावायचो, तेवढंच काय ते ओळखीचं. बाकी कोकण, ते नारळ, यवतमाळच्या पोट्ट्याला काय कळणार! शेवटी आई गेली तेव्हा मात्र गोधडीत तोंड खुपसून रडलो.

आता पन्नाशी आली, आणि मला हे पुस्तक आईचं वाटलंच नाही. कर्जाचं वाटलं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं ते. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' असं एका प्रकरणाचं नावच आहे. लहानपणी ती पानं मी भराभर उलटली असणार. वसुलीचा माणूस 'बायको विका' म्हणतो, पुढं जप्तीची दवंडी. शाळेत संस्कारांवर एवढी भाषणं ऐकली, श्यामच्या वडिलांच्या, भाऊरावांच्या कर्जावर एकही नाही.

श्यामची आई म्हणते, जमीन विका, मोकळे व्हा. वडील ऐकत नाहीत. तिथं मी टॉर्च बंद केला.

आमचं वावर आठ एकर, सगळं कोरडवाहू. (विहीर मागून झाली, तीही कर्जातूनच.) 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंतच. आठ एकरवाला म्हणजे मोठा शेतकरी! त्याच्या कितीतरी आधीपासून माय बाबांच्या मागे लागली होती, नाल्याकडचे दोन एकर काढून टाका म्हणून. बाबा म्हणायचे, "वावर इकत असते काय? तुले काय समजते?" मी तेव्हा बाबांच्या बाजूनं. वावर विकणाऱ्याला गाव कसं बघतं, ते पाहिलेलं.

जूनमध्ये सोसायटीत नवं-जुनं करून आलो, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचललं. संध्याकाळी बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "नाल्याकडचे दोन एकर देऊन टाकू ना."

मी काय उत्तर दिलं असेल, सांगायला नको.

पुस्तक आता तिच्या उशाशी आहे. कुठवर आली, विचारलं नाही.