एका वर्षाची खुर्ची

येत्या काही महिन्यांत मला चाळीस पूर्ण होतील आणि जेसीज या चाळिशीपर्यंतच्या तरुणांच्या सेवासंस्थेतलं माझं सभासदत्व नियमाप्रमाणे संपेल. बारा वर्षं झाली. "वाईट वाटत असेल ना गं?" असं या आठवड्यात तिघीचौघींनी विचारलं. वाटतंयच. तरी हा नियम मला मनापासून पटतो, आणि का पटतो ते आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट लांब होणार, निवांत असाल तेव्हाच वाचा.

सुरुवात जेसीजच्या आधीची. २०१२ च्या पावसाळ्यात आम्ही कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनी रिंग रोडच्या कडेला दीडशे रोपं लावली. टी-शर्ट छापले, ट्री गार्डसाठी वर्गणी काढली, पेपरात फोटो आला. त्यानंतरचा उन्हाळा नागपूरकरांना आठवत असेल, २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. जूनमध्ये मी त्या रस्त्याने गेले तर ट्री गार्ड जागच्या जागी उभे आणि आत नुसत्या काड्या. पाणी कोण टाकणार हे आमच्यापैकी कुणी ठरवलंच नव्हतं. पाळ्यांची यादी नव्हती, टँकरवाल्याचा नंबर नव्हता, उरलेले सातशे रुपये कुणाकडे आहेत हेही नक्की माहीत नव्हतं. आमची माया कमी नव्हती, मेहनतही कमी नव्हती. आमच्याजवळ एक वही नव्हती.

पुढच्या वर्षी ऑफिसातल्या एका ताईंनी मला जेसीजच्या बैठकीला नेलं. सीताबर्डीतल्या एका हॉटेलचा वरचा हॉल, वीसेक माणसं, सगळी बावीस ते अडतीस वयाची. आधी उभं राहून सगळ्यांनी प्रतिज्ञा म्हटली. मग मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून मंजूर झालं. खजिनदाराने साडेतीन हजारांचा हिशेब मांडला आणि एका मुलीने १२० रुपयांच्या पावतीवर प्रश्न विचारला. त्या पावतीवर पाच मिनिटं गेली. कुणी रागावलं नाही, कुणी "जाऊ द्या ना" म्हटलं नाही, खजिनदाराने शांतपणे पावती काढून दाखवली. त्या वेळी मला कंटाळा आला होता. गाडीवरून घरी येताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्या वयाची माणसं, डोक्यावर कुणी वडीलधारं नसताना, आपापल्या पाळीने बोलून पैशांचा निकाल लावताहेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. घरी पैशांबद्दल बाबा बोलत, कॉलेजात सर बोलत आणि मोहल्ल्यात काका लोक.

ही संस्था कशी जन्मली ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात हेन्री गिसेनबायर नावाच्या तरुणाने आणखी काही तरुणांना जमवून हे मंडळ काढलं. शहराच्या प्रश्नांत तरुणांनी हात घालावा, हाच हेतू. १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत तिचं आंतरराष्ट्रीय रूप उभं राहिलं. आज शंभराहून अधिक देशांत काम आहे. वय अठरा ते चाळीस. आणि अध्यक्षपद एक वर्ष. डिसेंबरमध्ये अध्यक्षाचा हातोडा पुढच्याच्या हाती द्यायचा आणि सभासदांच्या रांगेत जाऊन बसायचं. संस्थेचा इतिहास सगळाच उजळ आहे असं नाही. अमेरिकेत स्त्रियांना पूर्ण सभासदत्व द्यायला राष्ट्रीय संस्थेचा विरोध होता. मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या शाखांनी ते देऊन टाकलं, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. अध्यक्षाच्या खुर्चीत बसताना मला त्या दोन शाखा आठवल्या होत्या.

एका वर्षाच्या खुर्चीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपल्या आजूबाजूला पाहा. सोसायटी असो, उत्सव मंडळ असो, वाचनालय असो, वीस-वीस वर्षं तोच अध्यक्ष. बहुतेक ठिकाणी ती माणसं प्रामाणिक आणि कष्टाळूच असतात. पण त्यांच्या हाताखाली तीस वर्षांचा मुलगा मांडवाच्या दोऱ्या बांधतो आणि चाळीसचा झाला तरी दोऱ्याच बांधत असतो. त्याला चेकवर सही करायची वेळ येत नाही, भांडण मिटवायची येत नाही, चुकायचीही येत नाही. मी अध्यक्ष झाले तेव्हा एकतिशीत होते. पहिल्या तीन महिन्यांत एका कार्यक्रमाचं बजेट माझ्यामुळे कोसळलं आणि अख्ख्या बैठकीसमोर मला ते सांगावं लागलं. ती संध्याकाळ मला जे शिकवून गेली ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही. म्हणूनच २०२० मध्ये रोटरॅक्टने, म्हणजे रोटरीच्या तरुण शाखेने, तिशीची वयोमर्यादा काढली तेव्हा मला ते रुचलं नाही. त्यामागची कारणं मी वाचली आहेत, काही पटण्यासारखी आहेत. तरी जाणाऱ्याने जागा सोडली नाही तर येणाऱ्याला ती मिळत नाही, या मतावर मी ठाम आहे.

आता २३ सप्टेंबर २०२३. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपलेल्या घरांत शिरलं. अंबाझरी लेआउट, कार्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगर. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसं गेली. सकाळी आठपर्यंत आमच्या ग्रुपवर पन्नास मुलं "कुठे येऊ?" म्हणून विचारत होती. नागपूरच्या पोराले मदतीले बोलवावं लागत नाही, हे मी अभिमानाने सांगते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात तेव्हा जेवण, पाणी, औषधं घेऊन जी तरुण मुलंमुली उभी असतात आणि समता सैनिक दलाचे स्वयंसेवक ज्या शिस्तीने गर्दी सांभाळतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर आम्ही पोहे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एका गल्लीत गेलो. तिसऱ्या दिवशी तिथे आमच्यासारखे पाच गट आले होते. एका घराच्या ओट्यावर सत्तरीचे काका चिखलाने भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन बसले होते. खाण्याचं पाकीट पुढे केलं तर म्हणाले, "बेटा, जेवण तं सगळेच देऊन रायले. हा फारम कोन भरून देते, ते सांग." पिशवीत आधार कार्ड, बँकेचं पासबुक, घरटॅक्सची पावती, सगळ्याचा लगदा. शासनाने बाधित घरांसाठी १०,००० रुपयांची तातडीची मदत जाहीर केली होती, पण पंचनाम्यात नाव हवं, खात्याचा नंबर हवा, आणि काकांचा फोनही पाण्यात गेलेला.

आमच्यातली एक तेवीस वर्षांची मुलगी तिथेच खाली बसली. तिने पाकिटांच्या खोक्याचं झाकण फाडून त्यावर काकांचं नाव, घर नंबर आणि काय-काय गेलं ते लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिने गल्लीतल्या एकेचाळीस घरांची यादी केली. कुणाचा पंचनामा झाला, कुणाचा राहिला, कुणाचं पासबुक नाही, कोण भाड्याने राहतं, सगळं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जेवण वाटणं बंद केलं आणि आठ जण ती यादी घेऊन संबंधित कार्यालयाच्या दारात बसलो. पाच दिवस लागले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं, साहेब नाहीत म्हणून सांगितलं, एकदा यादीच हरवली. मुलीने दुसरी प्रत काढली आणि या वेळी पोच घेतली. पोच घ्यायची हे तिला कुठून सुचलं? आमच्या बैठकांतून. १२० रुपयांच्या पावतीतून.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. तरुणांच्या सेवासंस्थेने रक्तदान करावं, चिखल उपसावा, जरूर करावा, आम्हीही करतो. पण त्या जोडीने तिने तरुणांना कारभार शिकवला पाहिजे. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली, आज त्यात मुलांनी दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. त्या तासांनी कित्येकांना घडवलंय, मलाही. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीने आणि २००६ पासून गडचिरोलीच्या 'निर्माण' या तरुणांसाठीच्या उपक्रमाने विदर्भातल्या मुलांना आयुष्याचा प्रश्न विचारायला शिकवलं. शहराचा प्रश्न विचारायला कोण शिकवणार?

कारण प्रश्न आहेत. दीडशे वर्षांहून जुना अंबाझरीचा बांध, सांडव्यापुढचं बांधकाम, अरुंद होत गेलेली नाग नदी. यासाठी पूरग्रस्त रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. त्यांच्यात मला पांढरे केस जास्त दिसले. आम्ही तिथे का नव्हतो? पूर आला तेव्हा महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि प्रशासक होते. त्या काळात आमच्या वयाच्या किती जणांना ते खुपलं? नगरसेवकपदाला एकविसाव्या वर्षी उभं राहता येतं. कायद्याने प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. शहरात दहा झोन आहेत, झोनमागे एक समिती. म्हणजे तीसेक जागांचा दरवाजा आहे, आणि तिथे बसून गटाराच्या, दिव्याच्या, कचऱ्याच्या खर्चावर बोलू शकतील अशी तिशीतली माणसं आपण तयार ठेवली आहेत का?

"ताई, हे राजकारण झालं, आपण फक्त सेवा करू," असं मला आमच्याच मंडळींनी ऐकवलंय. पक्षाचा झेंडा आपल्या बैठकीत नको, हे मलाही मान्य. पण नदीची भिंत पडली तर ती कधी बांधणार हे विचारणं मी सेवाच समजते. त्या काकांना पाकीट देण्याइतकीच.

या वर्षी आमच्या शाखेने एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. दर महिन्याला एक रविवार, सकाळी साडेसातला, कुणाच्या तरी गच्चीवर. अर्थसंकल्पातलं एक पान घेऊन बसायचं आणि त्यातलं एक काम प्रत्यक्ष जाऊन पाहायचं. झालं असेल तर फोटो, नसेल तर माहिती अधिकारात अर्ज, दहा रुपये फी आणि तीस दिवसांची वाट. कुठल्याही संस्थेच्या, कुठल्याही पक्षाच्या, किंवा कशातच नसलेल्या मुलामुलींनी यावं. चहा आणि तर्री पोहे आमच्याकडे.

पूरग्रस्त गल्लीची फाईल मी दोन वर्षांहून जास्त माझ्याकडे ठेवली होती. खोक्याचं ते झाकणही त्यात आहे. जानेवारीत ती त्याच मुलीच्या हवाली केली, यंदाची अध्यक्ष तीच आहे. काल रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "ताई, नदीच्या भिंतीच्या दुसऱ्या पत्राची पोच दिसत नाहीये." मी सांगितलं, घरटॅक्सच्या झेरॉक्सच्या मागे पाहा. कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सापडली."