पत्रकाराच्या खुनानंतर न्याय कसा मागावा

यंदा ६ जानेवारीला, पत्रकारदिनी, आमच्या तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यक्रमात माझ्या हातून एक बेशिस्त घडली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार, शाल, श्रीफळ हे सारे यथासांग पार पडल्यावर, मारल्या गेलेल्या पत्रकारांचे खटले कुठवर आले यावर दोन मिनिटे बोलू द्यावे, अशी मी विनंती केली. ‘आज आनंदाचा दिवस आहे, तो विषय निवेदनात घेऊ,’ असे सांगून संयोजकांनी जेवणाची घोषणा केली. तेव्हा सुज्ञ वाचकहो, आपली अशी फजिती होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

खून होताच निषेध नोंदवावा. तो ‘तीव्र’ असावा.

निवेदन तहसीलदारांमार्फत मुख्यमंत्र्यांना द्यावे आणि छायाचित्रात तो कागद किमान चौघांनी धरावा, म्हणजे तो जड वाटतो. आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी, कारण पुढील अनेक वर्षे हाती तेवढेच राहते.

कायद्याचा अभिमान बाळगावा. महाराष्ट्राने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. कमाल शिक्षा तीन वर्षे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी ज्या दिवशी छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीने चिरडण्यात आले, तेव्हाही हा कायदा होताच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धीर धरावा. हरियाणातील सिरसाचे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांच्यावर २००२ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या आणि विशेष न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २०१९ मध्ये. मधली सोळा वर्षे त्यांच्या मुलाने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मुंबईचे पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या खुनाच्या खटल्याचा निकाल सात वर्षांत लागला, तर त्याला आपण तातडी म्हणावे. बंगळुरूच्या पत्रकार गौरी लंकेश यांचा खून सप्टेंबर २०१७ चा, खटला सुरू झाला जुलै २०२२ मध्ये, आणि साक्षीदारांची यादी पाचशेहून अधिक नावांची. खटला लांबला म्हणून आरोपींना जामीन मिळाला, हे कायद्याला धरूनच झाले. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, हेही मान्य. परंतु त्यांतील एक आरोपी, आपल्या जालन्याचा माजी नगरसेवक, जामिनावर सुटताच ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षात घेतला जातो, त्याला निवडणुकीची जबाबदारी दिली जाते आणि ओरड झाल्यावर ती ‘स्थगित’ होते, तेव्हा धीर नेमका कोणी धरायचा? ज्याच्या घरचे माणूस गेले त्यानेच ना?

इथे मार्गदर्शन संपले, कारण आता माझ्याने विनोद होत नाही. ओरड झाली ती किती दिवस टिकली? गोदावरीच्या वाळूची बातमी लिहायची, आणि त्याच वाळूवाल्याच्या साहेबांकडे वाढदिवसाची जाहिरात मागायची, कारण मानधन नाममात्र आणि पोट जाहिरातींच्या कमिशनवर, हे आपल्या वार्ताहरांचे जगणे मला ठाऊक आहे. मीही त्यातच जगलो. तरीही तारखेच्या दिवशी न्यायालयात जाऊन बसायला, पुढची तारीख का पडली हे छापायला, कोणत्या जाहिरातदाराची परवानगी लागते? आपण ते करत नाही, कारण आपल्याला कंटाळा आला आहे, आणि तो येणार हे गोळी झाडणाऱ्यांनी आधीच धरलेले असते.

त्या दिवशी मंडपात निदान पन्नास पत्रकार होते. माझ्या बाजूने एकही उठला नाही. मीही गप्प बसलो, जेवलो आणि मिळालेली शाल घरी घेऊन आलो.