वटवाघळाची उधारी

आमच्या अंगणातलं बदामाचं झाड मी लावलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शेजारच्या वहिनींना ते आजही पटत नाही. वटवाघळानं रात्री गर चोखून कोय टाकली ती नेमकी सेप्टिक टँकच्या झाकणापाशी. पावसाळ्यात दोन पानं वर आली आणि "आपल्या घरी बदाम!" म्हणून बायको हरखली. मी म्हटलं, शिऱ्यातला बदाम थंडीतला, काश्मीरचा. हा रस्त्याकडेचा देशी बदाम, त्याचं-ह्याचं नातं फक्त नावापुरतं. ऐकतं कोण!

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर गेलं की घरात कूलरला पाणी पुरत नाही, पण रोपाला दोन बादल्या ठरलेल्या. वर गोणपाटाचा मांडव. तो भिजवायला भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून कोण जाणार? मी.

ताई जर्मनीत असते. तिच्या बागेत खारीनं अक्रोड पुरला, विसरली, आणि झाड आलं. खारीची उधारी ताई फेडतेय. मेच्या मध्यावरसुद्धा तिकडे एखाद्या रात्री हिम पडतं नि कोवळी पालवी काळी पडते, म्हणून ती झाडाला चादर पांघरते. एकाच आईची दोन लेकरं, एकाच महिन्यात!

माझ्या झाडाला चौथ्या वर्षी फळ धरलं. बियांपासून आलेल्या अक्रोडाला दहा-दहा वर्षं लागतात, तेव्हा ताईला मुद्दाम व्हिडिओ कॉल केला. मग फोडायला बसलो. वरचा गर, आत काथ्या, त्याच्या आत लाकूड. खलबत्त्यात अंगठा ठेचला. तासाभरात वाटीचं बूडसुद्धा झाकलं नाही. शिरा शेवटी दुकानातल्या बदामांचाच झाला.

हिवाळ्यात पानं लालबुंद होतात. लोक फोटो काढतात, मी झाडू काढतो. निम्मी पानं वहिनींच्या अंगणात पडतात. तीही माझ्याच खात्यात.

यंदा मे महिन्यात झाड तोडणाऱ्याला बोलावलं. तो बुंध्याशी टेकला, चहा प्यायला, म्हणाला, "काहून तोडता जी? अशी सावली कुठं भेटते? अन् महापालिकेची परवानगी काढली काय?"

परवानगी काढली नव्हती. तेवढ्यात ताईचा फोन आला: पुन्हा हिम, पालवी काळी. "तुझं कसं आहे रे?"

मी फोन अंगणाकडे वळवला. माझाच दुपट्टा तोंडावर घेऊन तो झाडाखाली घोरत होता.