मांडीतली गाठ आणि सुई : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वृद्धांच्या मांडीतील खोल गाठ काढण्याआधी एमआरआय आणि सुईने तुकडा घेऊन तपासणी करावी, अशा माझ्या लेखाबद्दल आपण लिहिता की, ७८ वर्षांच्या वडिलांना घेऊन मुंबईच्या फेऱ्या मारणे परवडत नाही, सुई टोचली की गाठ पसरते आणि "अर्ध्या तासाच्या कामासाठी डॉक्टर मंडळी उगाच घाबरवतात."

एक चूक आधी कबूल करतो. पाच सेंटिमीटरच्या गाठीला मी 'लिंबाएवढी' म्हटले होते. कागदी लिंबू त्याहून लहान असते, हे आपले म्हणणे रास्त आहे.

'उगाच घाबरवतात' हे मात्र मला मान्य नाही, आणि ज्या सुरात ते लिहिले आहे, तो सूर तर मुळीच नाही. ३१ वर्षे शस्त्रक्रिया केल्यावर लोकांना घाबरवून मला काय मिळवायचे आहे? ते 'अर्ध्या तासाचे काम' मी स्वतः करून बसलो आहे. उमेदीच्या काळात सत्तरीतल्या एका शेतकऱ्याच्या मांडीतली गाठ चरबीची समजून, एमआरआय न करता, आडवा छेद घेऊन मी सोलून काढली. काढलेली गाठ तपासणीसाठी फॉर्मॅलिन या द्रावणात ठेवतात; चरबी त्यात तरंगते. ती गाठ बरणीच्या तळाशी जाऊन बसली, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. अहवाल मिक्सोफायब्रोसार्कोमाचा, म्हणजे मऊ ऊतींच्या एका कर्करोगाचा आला. हे अर्बुद स्नायूंच्या आवरणालगत शेपटीसारखे सरकत जाते आणि ती शेपटी बोटाला लागत नाही, त्यामुळे गाठ सोलली तरी मागे काही उरण्याचा धोका मोठा असतो. दुसऱ्या वेळी माझा तो आडवा छेदही सगळा काढावा लागल्याने स्नायू आणि कातडी कितीतरी अधिक गेली आणि त्वचारोपण करावे लागले. ही कहाणी अभिमानाने सांगण्याजोगी नाही, पण आपल्या त्या एका वाक्यापुढे ती सांगणे भाग पडले.

सुईचे म्हणाल, तर एमआरआयनंतर ट्रू-कट सुईने, म्हणजे तुकडा कापून घेणाऱ्या सुईने, दोऱ्यासारखे बारीक तुकडे घेतात आणि सुईचा मार्ग पुढच्या छेदाच्या रेषेतच ठेवतात, म्हणजे गाठीबरोबर तोही निघतो. खरी भीती अर्धवट सोलण्याची आहे.

खर्च आणि फेऱ्या हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता, आणि ज्यांना प्रत्येक डॉक्टर लुटारूच वाटतो, त्यांच्याशी त्यावर वाद घालण्याची मला हौसही नाही. वडिलांची गाठ गेल्या काही महिन्यांत वाढली आहे का, हे मात्र एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत आपण कुठेही लिहिलेले नाही.