पेटंट हा हक्क की सौदा?

रविवारी कट्ट्यावर वाद पेटला तो बेडाक्विलिनवरून. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची ही गोळी. जॉन्सन अँड जॉन्सनचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपणार होतं, पण कंपनीने त्याच औषधाच्या क्षाररूपावर दुसरं मागितलं होतं. मिळालं असतं तर मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. दोघी टीबीतून वाचलेल्या, आणि जुन्या औषधांनी दोघींचं ऐकू येणं गेलेलं. मार्च 2023 मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

"म्हणजे कायदा चालतोय की," वकील म्हणाला. "पेटंट कायद्याचं कलम 3(डी) त्यासाठीच आहे. जुन्याच औषधाचं नवं रूप आणलंस तर गुण वाढल्याचं दाखव. ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या वेळी 2013 साली सुप्रीम कोर्टानेही हेच धरलं."

"चालतोय, पण कान गमावलेल्या पोरींनी भांडल्यावर!" आमचा मेडिकलवाला उसळला. "औषधावर पेटंट हवंच कशाला? 1970 चा कायदा फक्त औषध बनवायच्या कृतीवर पेटंट द्यायचा, खुद्द औषधावर नाही. 2005 पर्यंत तसंच होतं. म्हणून तर 2001 मध्ये सिप्ला एड्सची औषधं एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरला देऊ शकली. पेटंटवाल्या कंपन्यांचा भाव होता दहा हजारांच्या वर."

औषध कंपनीत काम करणारा मित्र आतापर्यंत गप्प होता. "ती औषधं मुळात शोधली कोणी? माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहांतली नऊ तरी बाद होतात. तो खर्च कोण सोसणार?"

प्रश्न खरा आहे, त्याला बगल देता येत नाही. पण त्यातून पेटंट हा जन्मसिद्ध हक्क ठरत नाही. माझं शेत दुसऱ्याने पेरलं तर माझा हंगाम जातो. औषधाची कृती दहा जणांनी वापरली तरी शोधणाऱ्याकडची कृती जात नाही. तू शोध उघड कर, वीस वर्षं एकटा वीक, मग तो सगळ्यांचा, असा हा समाजाने केलेला सौदा आहे. सौदा म्हणून मला तो मान्य आहे. पण पैशाअभावी माणसं मरत असतील तर समाजाला तो मोडता आलाच पाहिजे.

तशी सोयही आहे. कॅन्सरच्या नेक्साव्हरचा महिन्याचा खर्च 2,80,000 रुपये होता. 2012 मध्ये सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते बनवायची मुभा, दिल्यावर नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध नऊ हजारांच्या आत आणलं. औषधासाठी असा परवाना भारताने दिला तो तेवढाच.

"सारखे परवाने दिलेस तर नवी औषधं इथे येणारच नाहीत," वकील म्हणाला.

"पावणेतीन लाखांना आलेलं औषध आलं म्हणायचं का?" मेडिकलवाल्याने विचारलं.

कंपनीवाला पुन्हा खर्चावर आला. मी म्हटलं, बेडाक्विलिनच्या चाचण्यांत सरकारी आणि देणगीचा पैसाही मोठा होता. मग भाव ठरवताना त्या पैशाला आवाज का नाही? असायला हवा, हे त्याने मान्य केलं. किती असावा, यावर मात्र तो आणि मेडिकलवाला अजून भांडतायत.