खुलासा: पहिला स्टॅनले कप अंतिम सामन्यात जिंकला गेला नव्हता

कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांनी सुरू केलेल्या स्टॅनले कप या आइस हॉकीच्या करंडकाबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘1893 साली माँट्रियल हॉकी क्लबने अंतिम सामन्यात ओटावाला 3-1 हरवलं आणि लॉर्ड स्टॅनले यांनी बर्फावरच करंडक दिला.’ क्लबचं नाव आणि वर्ष बरोबर आहे, बाकीचं चुकीचं.

त्या मोसमात अंतिम सामना झालाच नाही. लीगमध्ये पाच संघ होते आणि प्रत्येकाने इतर चौघांशी दोनदा खेळायचं, म्हणजे आठ सामने. माँट्रियलने सात जिंकले, एक हरला; ओटावाचे सहा विजय, दोन पराभव. दोन्ही बेरजा आठच येतात, नवव्या सामन्याला जागाच उरत नाही. माँट्रियलचा तो एकमेव पराभव ओटावाकडूनच झाला होता, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. दोघांमधलं अंतर फक्त एका विजयाचं होतं.

करंडक 15 मे 1893 रोजी, मोसम संपल्यावर, क्लबशी संलग्न क्रीडा संघटनेच्या वार्षिक सभेत मिळाला. तो करंडकाचे विश्वस्त जॉन स्वीटलँड यांनी दिला, स्टॅनले यांनी नव्हे.

3-1 हा आकडा 22 मार्च 1894 च्या माँट्रियल-ओटावा सामन्याचा आहे. त्या वर्षी चार संघ बरोबरीत राहिले, म्हणून निर्णायक सामने घ्यावे लागले.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर त्याखालीच ही दुरुस्ती टाका.